फुली नसलेलं बंदर

"माणसानं जन्माला येऊन एकदा तरी भर समुद्रात जाऊन स्वतःच्या हातानं मासा धरला पायजे. त्याबिगर माणूस पुरा होत न्हाई. मग त्यो राजा असूंदे न्हाईतर शिपाई!"

आप्पा इंगवल्यांनी ही घोषणा उभं राहून, उजवा हात वर करून केली. हात खाली घेता येत नव्हता. मुलानं दुबईहून पाठवलेल्या नव्या काठीचा गळ आमच्या पडद्यात आणि त्यांच्या बाहीत एकाच वेळी अडकला होता.

आमची मंडळी आतून कात्री घेऊन आली. "हलू नका आप्पा. पडदा नवा आहे. सदरा कापते."

सदरा कापला गेला आणि खोल समुद्रातल्या मासेमारीची आमची पहिली बैठक सुरू झाली.

बैठकीला आम्ही तिघं. आप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे समुद्रालाही चितपट करता येतं अशी त्यांची समजूत. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कोल्हापूरच्या स्टँडवर बसून तीस वर्षं मी लोकांना कोकणात पाठवलं आणि स्वतः कधी गेलो नाही. तिसरे कुबल मास्तर. त्याच वर्षी निवृत्त झालेले. चौतीस वर्षं एकाच शाळेत भूगोल शिकवला. खडू घेऊन फळ्यावर भारताचा किनारा एका रेघेत काढायचे, हात न उचलता. गाव कोकणातलं, एवढं आम्हाला माहीत होतं. "कोणतं गाव?" विचारलं की म्हणत, "गावी आता कोणी उरलं नाही." एकटेच राहत. लग्न का नाही केलं म्हटलं तर म्हणत, "वेळेला सुतक होतं."

जागा निवडायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. ते घरून किनाऱ्याचा मोठा नकाशा घेऊन आले, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि खिशातून लाल पेन काढलं. शिक्षकाच्या हातात लाल पेन आलं की पुढे काय होतं ते आम्हाला कळायला हवं होतं.

"हर्णै," आप्पा म्हणाले.

"बोटीत चढायला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो." फुली.

"मग जयगड?"

"मोठी जहाजं येतात. तुमची ही काठी बघून हसतील." फुली.

"विजयदुर्ग."

"खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ फार."

"देवगड तरी?"

"देवगडला आंबे खायला जावं."

"मालवण! मालवणाला तर सगळं जग जातंय."

"म्हणूनच. तिथले मासे माणसं बघून कंटाळलेत."

"वेंगुर्ला," मी म्हणालो. मलाही काहीतरी म्हणायला हवं होतं.

"वारा."

"वाऱ्याचं काय?"

"असतो," मास्तर म्हणाले आणि फुली मारली.

असे तीन रविवार गेले. मास्तरांनी स्वतःहून सुचवलेली जागा एकच, डहाणू. "अवो मास्तर, डहाणू म्हंजे निम्मं गुजरात," आप्पा ओरडले. "रातभर गाडीत बसून मासं धराय जायचं, का लग्नाला?" त्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "रंकाळ्यातही मासे आहेत."

माझी अशी समजूत झाली की मास्तरांना पोहता येत नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते. मी मंडळीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "पोहता न येणारा माणूस एवढा विचार करत नाही. तुम्हाला तरी कुठे येतं?"

चौथ्या रविवारी आप्पांनी नकाशा उचलून भिंतीला लावला, चार पावलं मागे गेले आणि डोळे बारीक केले. मग पुढे येऊन एक बोट टेकवलं.

"कंट्रोलर, हितं बघा."

मी पाहिलं. देवगड आणि मालवण यांच्या मधे, लाल फुल्यांच्या दाटीत, पैशाएवढी मोकळी जागा होती. आजूबाजूच्या खाड्या, वाड्या, बारकी बंदरं, एकही मास्तरांनी सोडलं नव्हतं. तेवढ्या एका ठिकाणाबद्दल ते चार आठवड्यांत काही बोललेच नव्हते. त्याच्यावरून पेन फिरलंच नव्हतं.

"आडबंदर," आप्पांनी वाचलं. "मास्तर, ह्येच्यात काय खोट काढली न्हाईसा. म्हंजे ह्येच पास!"

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. लागेना. पुन्हा लावलं.

आप्पांनी मासळी बाजारातल्या एका बाईकडून दुसऱ्याच दिवशी तिथल्या होडीवाल्याचा नंबर मिळवला आणि आमच्याच घरून, सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला.

"हॅलो. विश्राम तांडेल बोलतंय."

होडीच्या म्होरक्याला तिकडे तांडेल म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. आवाज जाड, वाऱ्यात बोलून बोलून मोठा झालेला.

"आमी कोल्लापूरचं तिघं हाय. मासं धराय यायचं हाय, पार खोल पाण्यात."

"येवा. गणपती उठले काय येवा. पण आधी सांगा, कोणाक बोट लागता? माझ्या होडयेर वकलेला चालणा नाय हां."

"आमाला?" आप्पा छाती काढून फोनला म्हणाले. "आमी तालमीतली माणसं!"

मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. वीस वर्षं ते आमच्याकडे चहा पीत होते. बशी नेहमी कोरडी परत जायची.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, ताप आहे, येत नाही. सकाळी साडेपाचला स्टँडवर पाहतो तर ते आमच्या आधी येऊन बसलेले. भाद्रपदाच्या उकाड्यात कानटोपी घातलेली, डोळ्यांवर काळा चष्मा.

"ताप?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

घाट उतरून खाली जाईपर्यंत आप्पा बोलत होते. मास्तर खिडकीशी बसून दर वळणाच्या आधी त्या बाजूला झुकत होते. गाडी वळायच्या आधी. मी ते पाहिलं आणि त्याचा काही अर्थ लावला नाही. वाहतूक नियंत्रक होतो, माणसं कुठे चालली एवढंच बघायची सवय. का चालली, ते आमच्या खात्यात येत नव्हतं.

विश्राम तांडेल धक्क्यावर उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, काळा, रुंद, पायात काही नाही. त्यानं आमच्या चपला आधी बाहेर काढायला लावल्या, मग होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून नमस्कार केला आणि आम्हालाही करायला लावला. मास्तरांनी त्यानं सांगायच्या आधीच केला होता.

"ह्ये मुके काय?" थोड्या वेळानं त्यानं मला हळूच विचारलं.

"मास्तर हैत," आप्पांनी परस्पर सांगितलं. "जन्मभर बोलल्यात. आता रिटायर."

इंजिन तासभर चाललं. किनारा आधी हिरवा होता, मग निळा झाला, मग खडूनं ओढावी तशी नुसती रेघ राहिली. विश्रामनं इंजिन बंद केलं. बंद केल्याबरोबर होडी जागच्या जागी डुलायला लागली. चालत्या होडीपेक्षा उभी होडी वाईट, हे त्या दिवशी माझ्या पोटानं शिकून घेतलं.

आप्पांनी काठी सोडली. विश्राम माझ्या दोरीला बांगड्याचा तुकडा लावत होता. मास्तर कडेला बसले होते, दोन्ही हातांनी फळी धरून, ओठ पांढरे झालेले.

मग ते एकदम उठले. कानटोपी ओरबाडून काढली, कडेवरून वाकले, आणि ओकता ओकता उजव्या हातानं स्वतःचा डावा कान धरला. गच्च धरला. शाळेत चूक झाल्यावर पोरं धरतात तसा.

मला हसू आलं. आप्पाही हसले. "मास्तर, कुणाची माफी मागताय?"

विश्रामच्या हातातला बांगडा खाली पडला.

"कान धरूक तुका कोणी शिकवल्यान?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी तोंड पुसलं. चष्मा काढला. तो समुद्रात पडला की त्यांनी टाकला, मला सांगता येणार नाही.

"आयेन," ते म्हणाले.

वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून मालवणीचा एक शब्द ऐकला नव्हता. तो एका बोलीतला शब्द नव्हताच जणू. कोणीतरी दुसराच माणूस त्यांच्या सदऱ्यात बसून बोलला.

"म्हणायची, वकारी इली काय कान धर," मास्तर म्हणाले. "दर्याची माफी माग. मगे कमी होता."

विश्राम फळीवर बसला. त्यानं मास्तरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी समजावून सांगावं, किंवा त्यानं मला समजावून सांगावं, असं.

"आमचो दादा मेलो," तो मला म्हणाला. "एकोणचाळीस वर्षां झाली. होडी उलटी गावली, माणूस गावलो नाय. दर्भाचो पुतळो करून जाळलो. दहाव्याक मी होतंय थंयसर."

"होय," मास्तर म्हणाले. "मी पण होतंय."

पाणी फळीखाली चुळबुळत होतं. माझी दोरी हातातून केव्हा सुटून गेली ते मला कळलं नाही. ज्या माणसानं सकाळी स्टँडवर माझ्याकडून शेंगदाणे घेऊन खाल्ले, तो चाळीस वर्षांपूर्वी मेला होता, आणि त्याचा धाकटा भाऊ मला साक्षीदार करून तसं सांगत होता.

मास्तरांनी सांगितलं ते फार लांब नव्हतं. तांडेलाचा थोरला मुलगा, वय एकोणीस, आणि होडीत बसला की ओकायचा. सगळं बंदर हसायचं. एकदा एकटाच गेला, लाटेत होडी पालथी झाली, पोहत पोहत दोन वाड्या सोडून पलीकडच्या वाळूत निघाला. वर रस्त्यावर गाडी उभी होती.

"कुठली गाडी?" माझ्या तोंडून गेलं. सवय.

"कोल्हापूर."

ती गाडी पुढे मी पंधरा वर्षं रोज पुकारली.

"पत्र टाकीन म्हणत होतो," मास्तर आता मधेच आमच्या भाषेत आले. "टाकलं नाही. पंधराव्या दिवशी परत आलो. घरी जाऊन बाबांच्या पाया पडायचं ठरवून आलो. तर खाडीवर सगळी जमलेली. मी केवड्याच्या बनात उभा राहिलो. माझाच पिंड ठेवलेला होता. कावळा शिवत नव्हता."

"अर्धो तास," विश्राम म्हणाला.

"जास्त. सूर्य डोक्यावर आला होता. मी मनाशी म्हटलं, कावळा नाही शिवला तर आपण बाहेर पडायचं. सांगायचं, मी जिवंत आहे. कावळा तरी खोटं बोलणार नाही. एक पाऊल पुढे टाकलं, आणि तो खाली उतरला. शिवला." त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, सुटलो. माझ्याकडून कोणाचं काही राहिलं नाही, कोणाकडून माझं काही राहिलं नाही. मी परत फिरलो."

नेमकं त्याच वेळी आप्पांची काठी वाकली.

नुसती थरथरली नाही, टोक पाण्याला लागेल अशी वाकली. ज्या माशासाठी चार रविवार बैठका झाल्या, सदरा कापला गेला, तो खाली येऊन लागला होता. आप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली, पाय फळीला रोवले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कोणाच्या दहाव्याला ओरडायचं नसतं, एवढं त्यांना तालमीतही शिकवलेलं असावं. कपाळावरून घाम गळत होता आणि ते आदबीनं समोर बघत होते.

"कावळो कसो शिवलो, ता तुका ठाव आसा?" विश्रामनं विचारलं.

"लांब होतो. ऐकू येत नव्हतं."

"नाय ना ऐकलंस." विश्राम बोटानं फळीवरचं मीठ खरवडत होता. "बाबा म्हणाले, तुझ्या नावान देवळात घंटा बांधतंय. शिवणा नाय. काका म्हणाले, घराची वाटणी करणंय नाय. शिवणा नाय. आये म्हणाली, बाळा, तुका होडयेर जबरदस्तीन धाडलंव, चूक झाली. तरी शिवणा नाय. सगळी माझ्याकडे बघूक लागली. मी तेरा वर्षांचो. माका काय ठाव, मेलेल्या माणसाक काय होया? मगे माका वाटला, दादाची इच्छा म्हणजे बाबांची होडी. ती कोण चालवतलो? मी हात जोडलंय." त्यानं तिथेच, होडीत, हात जोडून दाखवले. "म्हटलंय, दादा, मी शाळा सोडतंय. तुझ्या जागेर मी जातंय. काळजी करू नको. तोंडातला वाक्य पुरा होण्याआधी कावळो इलो."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला.

"पयलो नंबर होतो माझो," विश्राम म्हणाला, तक्रार नाही, आठवण झाली म्हणून. "आमच्या शाळेचे मास्तर घराकडे इले, बाबांका सांगूक. बाबा म्हणाले, कावळ्याक शब्द दिलेलो आसा. मगे मास्तर पण गप ऱ्हवले. दुसऱ्या दिवसापासून होडयेर." मग त्यानं मास्तरांना विचारलं, "तू काय करतंस थंय? कोल्हापुराक?"

मला वाटलं मास्तर खोटं सांगतील. मी मनात म्हणत होतो, सांगा, खोटं सांगा, कारखान्यात होतो म्हणा, एसटीत होतो म्हणा.

"शाळेत होतंय," ते म्हणाले. "शिकवीत होतंय."

"काय?"

"भूगोल."

"भूगोल," विश्राम म्हणाला. नवा मासा जाळ्यात आला की नाव आठवून बघतात, तसं त्यानं ते दोनदा म्हटलं. "भूगोल. माका भूगोल बरो येय. न बघता नकाशो काढी मी. ह्यो सगळो किनारो, एका रेघेत."

टण्ण करून दोर तुटला. आप्पा मागच्या मागे बसले.

"गेला," ते हळूच म्हणाले.

"मोठो होतो?" विश्रामनं विचारलं.

"लई."

"जांव दे."

त्यानं इंजिन सुरू केलं. परत येताना मास्तर पुन्हा दोनदा ओकले. दोन्ही वेळा विश्राम सुकाणू एका हातात धरून पुढे झुकला आणि दुसऱ्या हातानं त्यांची पाठ धरली, पडू नयेत म्हणून. दुसऱ्या वेळी म्हणाला, "कान सोड रे. म्हातारो झालंस आता. दर्यान माफ केल्यान आसतला."

दर्याबद्दल तो बोलला. स्वतःबद्दल नाही. ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

धक्क्याला लागलो तेव्हा बायका जाळी आवरत होत्या. एकीनं विचारलं, "विश्राम, काय गावला रे?" तो म्हणाला, "काय नाय." आमच्या चपला रांगेत होत्या तशाच होत्या.

मास्तर होडीतून उतरले आणि तिथेच उभे राहिले. वर, माडांच्या मधे, एक कौलारू घर दिसत होतं. अंगणात कोणाचं तरी पोर सायकल फिरवत होतं. मास्तर त्या घराकडे बघत होते. चौतीस वर्षं ज्या आवाजानं त्यांनी वर्ग गप्प केले, त्यातला काहीच उरला नव्हता.

"विश्राम," ते म्हणाले, "मी घरी येऊ?"

विश्राम दोर बांधत होता. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"आये गेली, बाबा गेले," तो दोराकडे बघत म्हणाला. "माझ्या पोरांका तू फोटोत ठाव. हार घातलेलो आसा. आज एकदम दारात उभो केलंय तर बाई माझी भिऊन मरतली. तिका आधी सांगूक होया. पोरांका सांगूक होया. भावकीक काय सांगू, ता माझा माकाच कळणा नाय."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी चपला पायात घातल्या. उजवी डाव्या पायात घातली. आप्पांनी वाकून ती बदलून दिली. कारखान्यातल्या साहेबापुढेही न वाकलेले आप्पा.

आम्ही चढ चढायला लागलो. पंधरा-वीस पावलं गेलो असू.

"दादा!"

तिघंही वळलो. विश्राम धक्क्यावर उभा होता, हात कमरेवर. आता तो काय बोलेल याची मला भीती वाटली. एकोणचाळीस वर्षांचं जे काही साठलं असेल ते आता येणार, आणि ते येणं बरोबरच होतं, असं मला वाटलं. मास्तरांनाही तेच वाटलं असावं. ते ताठ उभे राहिले, हात बाजूला, छडीसमोर उभं राहतात तसे.

"सर्वपित्रीक तुझा पान वाढतंय मी," विश्राम ओरडून म्हणाला. "दर वर्षी. तो मेलो कावळो दोन दोन तास येणा नाय. तोपर्यंत घरात कोणाक जेवूक गावणा नाय. यंदा तूच ये नि जेवून जा." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पण बाराच्या आत ये हां. माका डायबेटिस आसा."